वस्ती बकाल का होते?

वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी या मुंबईच्या जुन्या कामगारवस्त्यांविषयी बोलताना "तिथले लोकच तसे, म्हणून वस्ती बकाल" असे सहज म्हटले जाते. हे खरे आहे काय? तथागतांनी कार्यकारणभाव शिकविला. कारणाशिवाय काहीही घडत नाही. तीच कसोटी वस्तीला लावून पाहिली पाहिजे.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत परमपूज्य बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बी.डी.डी. चाळी उभारल्या. तळमजला व वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. म्हणजे दाटी रहिवाशांनी केलेली नाही. ती आराखड्यातच होती.

दुसरे कारण मिळकतीचे. एकाच गिरणीत काम करूनही सर्वांची मिळकत सारखी नव्हती. विणकाम खात्यात पगार बरा होता. पण धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाचे निमित्त करून अस्पृश्य कामगारांना तेथे घेत नसत. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. विषमता वस्तीबाहेर जेवढी होती, तेवढीच वस्तीच्या आतही होती.

तिसरे कारण दुरुस्तीचे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार मिळाला, पण खासगी मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ मध्ये उपकर आणि दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. मात्र सगळा दोष कमी भाड्यावर टाकता येत नाही. बी.डी.डी. चाळींचे मालक तर सरकारच होते. त्याही जीर्ण झाल्या.

चौथा घाव रोजगारावर बसला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर हजारो लोक कायमचे बेकार झाले. पगार थांबला की वाण्याची उधारी वाढते, मुलाची शाळा सुटते आणि चाळीच्या दुरुस्तीची वर्गणीही थांबते. बकालपणा येतो तो असा, पायरीपायरीने.

पाचवे कारण जमिनीचे. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा महापालिका, म्हाडा व मालक यांना देण्याची तरतूद होती. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. परिणामी मॉल आणि मनोरे उभे राहिले. घराची वाट पाहणारे गिरणी कामगार व त्यांचे वारस आजही हजारोंनी आहेत.

आता बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणे ही आनंदाची गोष्ट आहे. पण उंच इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च दरमहा येतोच. ज्याची मिळकत तुटपुंजी, त्याला तो झेपला नाही तर मिळालेले घर भाड्याने देऊन किंवा विकून दूर जाण्याची पाळी येईल.

म्हणून प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात करारनामा मोठ्याने वाचला जावा. सोसायटीचे हिशेब दरवर्षी सर्वांसमोर यावेत. सभेत भगिनींनीही बोलावे. तरुणांच्या शिक्षणाला व रोजगाराला पहिले स्थान मिळावे. नुसत्या नव्या भिंतींनी वस्ती सुधारत नाही. कारणे दूर केली तरच दुःख दूर होते, ही धम्माची शिकवण येथेही लागू आहे.