भिडू, बोली आणि कच्चा लिंबू

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एखाद्या बोळात सायंकाळी क्रिकेटचा डाव मांडला जातो तेव्हा, विटांच्या यष्ट्या रचल्या जाण्यापूर्वी आणि पहिली फलंदाजी कोणाची हा तंटा सुरू होण्यापूर्वी, एक विधी अत्यंत गांभीर्याने पार पाडला जातो. दोन नायक समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने एकेका मुलाकडे बोट दाखवून आपापला भिडू मागून घेतात. लांब षटकार मारणारा प्रथम जातो. ज्याच्या मालकीची बॅट आहे तो, त्याची फलंदाजी कशीही असो, फार मागे राहत नाही. आणि सरतेशेवटी कोणाचा तरी धाकटा भाऊ उरतो, ज्याला 'कच्चा लिंबू' या सनदेवर दोन्ही पक्षांकडून खेळण्याची मुभा मिळते. या पाच मिनिटांत ती मुले जे करतात तेच पुढे दुबईच्या किंवा जेद्दाच्या सभागृहात कोट्यधीश लोक करतात, आणि तेच आमच्या घरी, आयपीएलचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, आम्ही सात जण एक जुनी हिशेबाची वही पुढे घेऊन करतो. सातांपैकी प्रत्येकाने अकरा खेळाडू निवडावयाचे, प्रत्येक धावेला एक आणि प्रत्येक बळीला पंचवीस गुण मांडावयाचे, आणि दोन महिन्यांनी जो तळाला राहील त्याने सर्वांना फरा आणि चीला खाऊ घालावयाचा, एवढाच आमचा करार आहे. पैसे लावून असा खेळ खेळविणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांचा तो व्यवहार संसदेने 2025 च्या ऑगस्टात केलेल्या कायद्याने बंद पडला. आमच्या वहीला मात्र त्या कायद्याची यत्किंचितही झळ पोहोचली नाही.

या कल्पित संघांच्या खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. तेथील फुटबॉलच्या ओकलंड रेडर्स या संघात भागीदारी असलेल्या बिल विंकनबाख नामक गृहस्थाने 1962 साली संघाच्या दौऱ्यावर असताना काही सोबत्यांसह ही कल्पना काढली, आणि 1963 साली त्याच्या घरी पहिली निवड झाली. सर्वांत प्रथम उचलले गेलेले नाव जॉर्ज ब्लांडा याचे होते. आदल्याच हंगामात या ब्लांडाचे 42 पास प्रतिपक्षाने मधल्यामध्ये पकडले होते, आणि तो नकोसा उच्चांक आजही कोणी मोडलेला नाही! तरीही तो प्रथम गेला, कारण तो पासही टाकी आणि लाथेने गोलही मारी, म्हणजे एका माणसाच्या निवडीत दोन प्रकारचे गुण पदरात पडत. या खेळाच्या दप्तरातील पहिलीच नोंद अशी मोल आणि धोका यांची एकत्र जमा आहे.

प्रथम मोलाविषयी. आमच्या वहीचा पहिल्या वर्षाचा अनुभव असा की, सर्वांत अधिक धावा कोण काढील या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणारे सगळे जण तळाला गेले, आणि आमचा एक भाचा, जो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असून क्रिकेटमधले त्याला आमच्याहून बरेच कमी कळते, तो अव्वल आला. त्याने मांडलेला हिशेब असा होता. समजा, सर्वोत्तम फलंदाज हंगामात 600 गुण देईल. परंतु सर्वांची निवड संपल्यावर जे फलंदाज कोणीच न घेतल्यामुळे उरतील त्यांतलाही बरा माणूस 400 देईल. यष्टिरक्षकांत मात्र पहिला 500 देईल आणि उरलेला केवळ 200. मग पहिल्या फलंदाजाचे खरे मोल 200 झाले आणि पहिल्या यष्टिरक्षकाचे 300. सबब यष्टिरक्षक प्रथम उचलावा. म्हणजे माणसाचे मोल त्याच्या स्वतःच्या धावांवरून ठरत नाही, तो न मिळाल्यास त्याच्या जागी जो कच्चा लिंबू घ्यावा लागेल त्याच्याशी असलेल्या अंतरावरून ठरते. अमेरिकेतील खेळाडूंनी या तत्त्वाला बोजड नावे दिली आहेत. आपल्या बोळातील मुलांना ते बिननावाचे ठाऊक असते, कारण यष्टींमागे उभा राहण्यास राजी असा एकच मुलगा असेल तर त्याला कोणता नायक आधी मागून घेतो, हे कोणीही जाऊन पाहावे.

आता बोलीचा प्रकार. पाळीपाळीच्या निवडीत प्रत्येकाला आपली पाळी तरी मिळते, आणि पहिल्या फेरीत शेवटी असलेल्याने दुसऱ्या फेरीत प्रथम उचलावे, अशी नागमोडी व्यवस्था केली म्हणजे फारसा अन्याय होत नाही. लिलावात मात्र पाळी नसते; थैली असते, आणि शेजाऱ्याचा चेहरा असतो. या छत्तीसगढच्या मुलखाला लिलावाचा जुना आणि कटू परिचय आहे. रतनपुरास राज्य करणारे बिंबाजी भोसले 1787 मध्ये वारल्यानंतर नागपूरकरांनी येथे सुभ्याचा अंमल सुरू केला. ही सुभेदारी वंशपरंपरेची नव्हती. मुलखातून अधिकात अधिक रक्कम वसूल करून नागपूरच्या खजिन्यात भरण्याचा जो करार करी त्याच्या पदरात ती पडे. चार इच्छुक एकाच मुलखाचा अंदाज बांधीत असता ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याचीच बोली सर्वांत मोठी ठरणार, हे उघड आहे. म्हणजे इजारा बहुधा त्यालाच मिळणार, जो हिशेबात सर्वाधिक चुकला आहे. त्या चुकीची भरपाई अर्थातच सुभेदाराने केली नाही, ती रयतेने केली. मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या क्षेत्रांसाठी बोली लावणाऱ्या कंपन्यांचा अनुभव तपासून तीन अमेरिकी अभियंत्यांनी 1971 साली हाच सिद्धान्त लिहून काढला; त्यालाच विजेत्याचा शाप म्हणतात.

हा शाप रायपूरकरांनी प्रत्यक्ष मैदानावर पाहिला आहे, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह मैदान काही हंगाम दिल्लीच्या संघाचे दुसरे घर होते. 2015 च्या लिलावात दिल्लीने युवराज सिंगसाठी 16 कोटी मोजले. आदल्याच वर्षी 14 कोटींना घेऊन बंगळुरूने त्याला सोडून दिले होते, ही गोष्ट त्या सभागृहात कोणाला ठाऊक नव्हती असे नव्हे. त्याच लिलावात दिल्लीने मुंबईच्या एका वीस वर्षांच्या, भारताकडून एकही सामना न खेळलेल्या मुलाला 2 कोटी 60 लाखांना उचलले. 12 मे 2015 रोजी चेन्नईचा संघ रायपुरात आला. श्रीरामपूरच्या झहीर खानने चार षटकांत अवघ्या 9 धावा देऊन दोन बळी घेतले, चेन्नई 119 वर थांबली, आणि दिल्लीला विजयापर्यंत नेले ते त्या वीस वर्षांच्या श्रेयस अय्यरच्या नाबाद 70 धावांनी. हंगामाअखेर श्रेयसच्या खात्यावर 439 धावा होत्या आणि युवराजच्या 248. युवराजचा यात दोष काही नाही. 16 कोटी ही त्याची किंमत नव्हतीच. दोन संघांच्या मनातील भीतीचा तो बेरजेचा आकडा होता.

नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दा येथे जो मोठा लिलाव झाला, त्यात प्रत्येक संघाची थैली 120 कोटींची होती. ऋषभ पंत 27 कोटींना, श्रेयस 26 कोटी 75 लाखांना आणि वेंकटेश अय्यर 23 कोटी 75 लाखांना गेला. पुढे श्रेयसने 604 धावा केल्या आणि पंजाबला अंतिम सामन्यात नेले, पंतच्या धावा 269 झाल्या, त्यांतील 118 शेवटच्या एकाच सामन्यातील, वेंकटेशच्या 142. तीन जवळजवळ समान बोल्या आणि तीन असमान फळे. यावरून बोली लावणारे मूर्ख होते असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात, परंतु निकाल पाहून निर्णयाची परीक्षा करणे हा मामलेदाराने पाऊस पडून गेल्यावर पेरणीची तारीख ठरवून देण्यासारखा प्रकार आहे. परीक्षा करावयाची ती त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवरून, आणि त्या माहितीवरून इतकेच म्हणता येते की, थैलीचा पाचवा हिस्सा एका देहावर ठेवणाराने त्या देहाचे गुडघे, घोटे आणि मनःस्थिती यांचाही विमा आपणच उतरविला आहे हे जाणून असावे.

कारण धोक्याच्याही जाती आहेत. एक धोका दुखापतीचा. मुंबईने 2022 मध्ये जोफ्रा आर्चरसाठी 8 कोटी मोजले, ते त्या हंगामात तो खेळू शकणार नाही हे धडधडीत माहीत असताना. पुढच्या हंगामाच्या आशेवर केलेला तो सौदा होता, आणि त्या पुढच्या हंगामात तो पाच सामने खेळला. दुसरा धोका लहरीचा. एक फलंदाज प्रत्येक सामन्यात 40 धावा करतो, दुसरा एकदा 80 करतो आणि एकदा शून्यावर परततो. सरासरी उभयतांची सारखीच. यांतला कोण घ्यावा? आमच्या वहीत दोन महिन्यांची बेरीज होत असल्याने दोघेही तुल्यबळ. परंतु जेथे हजारो लोकांत पहिल्यालाच बक्षीस आहे तेथे 80 वाला घ्यावा, कारण तेथे मध्यम राहणे आणि तळाला जाणे यांत काडीचा भेद नसतो. तिसरा धोका अपरिचिताचा, आणि माझ्या मते हाच एक धोका असा आहे की जो आनंदाने विकत घ्यावा, अर्थात स्वस्तात. रणजी सामन्यांतून नुकताच वर आलेला मुलगा मूळ किमतीत मिळाला आणि वाया गेला, तर नुकसान त्या मूळ किमतीपुरतेच. परंतु तो चालला, तर लाभाला वरची मर्यादा नाही. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला चेन्नईने 20 लाखांत घेतले होते. 2021 मध्ये 635 धावांसह स्पर्धेत सर्वाधिक धावा त्याच्या नावावर लागल्या.

आणि मग आमच्या छत्तीसगढचे उदाहरण, जे सांगितल्याशिवाय येथील कोणताही क्रिकेटवेडा तुम्हांला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही. शशांक सिंग भिलाईत जन्मला, मुंबईकडून खेळला, पुदुच्चेरीकडून खेळला, आणि अखेरीस छत्तीसगढच्या संघात आला. 2022 मध्ये हैदराबादने त्याला घेतले, एका षटकात तीन षटकार मारलेले पाहिले, आणि सोडून दिले. नोव्हेंबर 2023 मध्ये विजय हजारे स्पर्धेत मणिपूरविरुद्ध एकाच सामन्यात त्याने 152 धावा केल्या आणि 20 धावांत पाच बळीही घेतले. त्यानंतर महिनाभराच्या आतच, 19 डिसेंबर रोजी, दुबईच्या लिलावात पंजाबने त्याच्यासाठी 20 लाखांचा फलक उंचावला, लिलाव चालविणाऱ्या मल्लिका सागर यांचा हातोडा पडला, आणि पंजाबच्या मेजावर एकदम कुजबुज सुरू झाली: हा तो नव्हे! हातोडा पडल्यावर सौदा फिरत नाही असे बाईंनी स्पष्ट केले. नंतर पंजाबने खुलासा केला की, यादीत सारख्या नावांचे दोन खेळाडू असल्याने गोंधळ झाला, परंतु हा शशांक आपल्याला हवाच होता. खुलाशाची भाषा सरकारी खलित्यासारखी होती. तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे वाचकाने ठरवावे.

मला यातील विनोदापेक्षा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच लिलावात कोलकात्याने मिचेल स्टार्कसाठी 24 कोटी 75 लाख दिले आणि अंतिम सामन्यात सामनावीराचा बहुमान त्यालाच मिळाला, म्हणजे महाग माल नेहमी खोटाच असतो असेही नाही. परंतु शशांकच्या बाबतीत महिनाभरातलीच 152 धावांची आणि पाच बळींची नोंद सर्वांच्या दप्तरात उपलब्ध होती, आणि तरीही पहिली बोली हीच शेवटची ठरली. बत्तीस वर्षांचे वय, लहान राज्याचा संघ आणि मणिपूरसारखा नवखा प्रतिस्पर्धी, एवढ्या तीन शेऱ्यांनी त्या नोंदीवर काट मारली गेली असावी. शेरे खोटे नव्हते. खरोखर विचारावयाचा प्रश्न एवढाच होता की, हे सर्व शेरे मान्य करूनही हा माणूस 20 लाखांचा कच्चा लिंबू आहे काय? 4 एप्रिल 2024 रोजी अहमदाबादेत पंजाबला 200 धावांचा पाठलाग करावयाचा होता. शशांकने 29 चेंडूंत नाबाद 61 केल्या. त्याच महिन्याच्या 26 तारखेस कोलकात्यात 262 धावांच्या पाठलागात, जो टी-20 मधील विश्वविक्रम ठरला, त्याने 28 चेंडूंत नाबाद 68 केल्या. हंगामात 354 धावा झाल्या. पुढच्या लिलावापूर्वी पंजाबने आपल्या साऱ्या संघातून दोनच माणसे राखून ठेवली, त्यांतला एक शशांक, रक्कम साडेपाच कोटी.

आमच्या वहीत 2024 साली त्याला कोणीही उचलले नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. सात रायपूरकरांनी सत्याहत्तर नावे लिहिली आणि आपल्याच राज्याचा माणूस त्यांत नव्हता. 2025 साली त्याच चुकीची भरपाई म्हणून तिघांनी त्याच्यावर डोळा ठेवला, आणि तो तिसऱ्या फेरीतच गेला, म्हणजे आमच्या घरीही त्याची किंमत वाढली आणि सौद्यातली गोडी तेवढीच कमी झाली. 3 जून 2025 रोजी अहमदाबादेत पंजाब आणि बंगळुरू यांच्यामध्ये अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात 29 धावा हव्या होत्या. पहिले दोन चेंडू निर्धाव गेले, उरलेल्या चारांवर शशांकने 22 काढल्या, 30 चेंडूंत 61 वर तो नाबाद राहिला, आणि पंजाब 6 धावांनी हरले.