खजिन्याची किल्ली कुणाकडे?

हिंगोलीहून वाशीमच्या एसटीत बसलात की कनेरगाव नाक्याजवळ पैनगंगा लागते. इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. कानात इअरफोन घालून आपण पूल कधी ओलांडला, हे कळतही नाही. पण एकेकाळी ही नदी दोन सत्तांमधली सीमा झाली होती. कुठली लढाई झाली म्हणून नाही, तर एका फौजेचा पगार थकला म्हणून! आणि त्या फौजेची एक छावणी होती आपल्या हिंगोलीत.

ही भानगड समजून घ्यायला आधी जरा लंडनला जाऊ. इतिहास घेतलेल्यांनी ‘पिटिशन ऑफ राइट, १६२८’ ही टीप पाच मार्कांसाठी रट्टा मारून लिहिली असेल. तिच्यामागचं भांडण मात्र अगदी घरगुती आहे: पैसे कुणाचे आणि विचारायचं कुणाला? राजा पहिला चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला. युद्धासाठी त्याला पैसा हवा होता, पण पार्लमेंट हात सैल सोडेना. मग त्याने श्रीमंतांकडून सक्तीचं कर्ज उकळलं. जे नाही म्हणाले त्यांच्यापैकी अनेकांना डांबलं. १६२८ मध्ये पार्लमेंटने त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की आमच्या संमतीशिवाय कर नाही आणि कारण न सांगता तुरुंग नाही.

राजाने मान डोलावली आणि पुढच्याच वर्षी पार्लमेंट बरखास्त केलं. ११ वर्षं तिला बोलावलंच नाही. किनाऱ्यावरच्या गावांकडून घ्यायचा जहाजांचा कर त्याने आतल्या गावांवरही लादला. जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदाराने त्यातले फक्त २० शिलिंग भरायला नकार दिला. तो खटला हरला. पण १२ पैकी ५ न्यायाधीश त्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा लोकांना कळलं की राजालाही जाब विचारता येतो. पुढे स्कॉटलंडशी लढायला पैसा लागला आणि १६४० मध्ये चार्ल्सला पुन्हा पार्लमेंटचंच दार ठोठवावं लागलं. १६४२ मध्ये यादवी पेटली आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला.

आता परत हिंगोलीला या. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. पगार निजामाच्या खजिन्यातून, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. खर्च झेपेना, कर्ज चढत गेलं. चार्ल्ससारखाच पेच! फरक एवढाच, की इथे ‘खर्चाचा हिशेब दाखवा’ म्हणणारं पार्लमेंट नव्हतं. निजामाला रयतेची संमती मागायची गरजच नव्हती, कारण गादीच्या पाठीशी इंग्रज उभे होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. तिथल्या महसुलातून फौजेचा पगार भागवायचा ठरला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाडचा कारभार मात्र इंग्रजांकडेच राहिला. पैनगंगेपलीकडच्या वाशीमच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं? कुणीच नाही.

विचारायची हिंमत पुढच्या पिढ्यांनी केली. जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकांना उत्तर देणारं सरकार, ही हैदराबाद स्टेट काँग्रेसची मागणी. तिची रीतसर स्थापना होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, निजामाने तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं. तुमच्याच वयाची पोरं! त्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने अनेकांना प्रवेश दिला. त्यांच्यातले एक पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचे पंतप्रधान झाले. १९४७-४८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा पेटला, तेव्हा कार्यकर्त्यांचे सरहद्द कॅम्प कुठे होते? उमरखेडसारख्या, पैनगंगेपलीकडच्या गावांत. लोकांना न विचारता आखलेली रेषा, विचारणाऱ्यांना आसरा देऊन गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली.

मग आज हे सगळं कशाला आठवायचं? कारण किल्ली आता आपल्या हातात आहे, आणि आपण ती खुंटीला टांगून विसरलोय. आपल्या संविधानाचं कलम २६५ सांगतं, की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येणार नाही. ज्या हक्कासाठी इंग्लंडात राजाचं डोकं गेलं, तो आपल्याला एका ओळीत लिहून मिळालाय. विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय सरकारला तिजोरीतून पैसा काढता येत नाही. आणि गावच्या खर्चाचा हिशेब मागायला तर मुंबईलाही जावं लागत नाही, ग्रामसभा आहे!

येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदन करून, जिलेबी खाऊन लगेच घरी पळू नका. ग्रामसभा कधी आहे ते विचारा. १८ पूर्ण झाली असतील आणि मतदारयादीत नाव असेल, तर तुम्ही तिचे सदस्य आहातच. शेवटच्या रांगेत बसा, हात वर करा आणि एवढंच म्हणा: ‘या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवा.’ कुणी हसेल, कुणी ‘तू अजून लहान आहेस’ म्हणेल. म्हणू द्या. हॅम्पडेनचा वाद तरी कितीचा होता? २० शिलिंगांचाच.