कोळसा, बारूद आणि पिनाका

नागपूरहून अमरावती रस्त्याला लागलं की आधी वाडी आणि 'डिफेन्स' लागतं, बरंच पुढे बाजारगाव. विदर्भातल्या शस्त्रनिर्मितीची साठ वर्षं या एकाच रस्त्यावर मांडलेली आहेत. 'डिफेन्स' म्हणजे अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी. 1962 च्या चीन युद्धानंतर सरहद्दीपासून लांब, देशाच्या पोटात कारखाने हवेत असं ठरलं, आणि अंबाझरी, भंडारा, भद्रावती या जागा त्या काळात निवडल्या गेल्या. तोफगोळ्यांची कवचं, पुढे पिनाका रॉकेटचे भाग, सगळं सरकारी. खासगी माणसाचा इथे शिरकाव नव्हता.

तो झाला कोळशाच्या वाटेनं. राजस्थानातल्या भिलवाड्याचे सत्यनारायण नुवाल 1970 च्या दशकात बल्लारशाला आले. चंद्रपूर भागात विहिरी, रस्ते आणि खाणींसाठी सुरुंगाची बारूद लागायची, आणि ती विकायला परवाना व साठवणुकीचं कोठार दोन्ही हवं. ते एका परवानाधारकाकडून भाड्यानं घेऊन नुवालांनी धंदा सुरू केला. 1995 मध्ये त्यांनी सोलर कंपनी काढली, बाजारगावला कारखाना असलेली ती हीच. कोल इंडियासारखं गिऱ्हाईक, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात आणि स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचं, म्हणजे 'पेसो'चंही मुख्यालय नागपुरातच. आता या यशाला 'आत्मनिर्भर'ची पाटी लावली जाते. माझ्या मते पाया त्याच्या कितीतरी आधी घातला गेला होता, आणि तो खाणीच्या सुरुंगांचा होता. वर्षानुवर्षं टनांनी स्फोटकं हाताळलेली माणसं आणि परवाने हाताशी नसते, तर धोरण कागदावरच राहिलं असतं.

संरक्षण खात्याचं दार 2010 च्या सुमारास किलकिलं झालं. पण नजरेत भरलं ते 2020. त्या ऑगस्टमध्ये सोलरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जनं बनवलेली पिनाका रॉकेट पोखरणला डागली गेली. पिनाका हे पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेचं अपत्य, कारगिलमध्ये वापरून झालेलं. तोवर रॉकेट सरकारी कारखान्यांतच भरलं जायचं. लगेच 1 ऑक्टोबरला 10 लाख हातबॉम्बचा 409 कोटींचा करार झाला.

हा हातबॉम्ब जरा जवळून पाहण्यासारखा आहे. लष्कर तोवर 36 नंबरचा बॉम्ब वापरत होतं, ज्याचं मूळ पहिल्या महायुद्धात आहे. त्याचं ओतीव लोखंडी कवच फुटताना कसेही तुकडे व्हायचे. चंडीगडच्या टीबीआरएल प्रयोगशाळेनं आखलेल्या नव्या बॉम्बला तुकड्यांची वेगळी बाही आहे. सैनिक आडोशाला असेल तर ती चढवून फेकायचा. उघड्यावरून चाल करून जाताना बाही काढायची, मग नुसता धमाका होतो. बाही असली की तुकडे सगळीकडे सारखे उडतात. ऑगस्ट 2021 मध्ये राजनाथ सिंह नागपूरला येऊन पहिली खेप स्वीकारून गेले. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचं महामंडळीकरण झालं आणि अंबाझरी 'यंत्र इंडिया'कडे गेली.

पुढची मजल भराभर झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये पिनाकाच्या रॉकेटसाठी इकॉनॉमिक आणि सरकारी म्युनिशन्स इंडिया यांच्याशी, सॉफ्टवेअरसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी मिळून 10,147 कोटींचे करार झाले. मार्चअखेरीस पंतप्रधानांच्या हस्ते सोलरची ड्रोनसाठीची 1,250 मीटरची धावपट्टी सुरू झाली. मे महिन्यात गोपालपूरच्या किनाऱ्यावर सोलरचं 'भार्गवास्त्र' तपासलं गेलं: रडारनं 6 ते 10 किलोमीटरवर ड्रोन हेरायचं आणि झुंडीवर छोटी रॉकेटं सोडायची. रॉकेट भरणाऱ्यांच्या गावात रडारची भाषा आली ती अशी.

या पाच वर्षांचा हिशेब एवढ्यावर थांबवायचा तर तो कंपनीचा वार्षिक अहवाल होईल. 17 डिसेंबर 2023, रविवार. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. बाजारगावला सोलरच्या कारखान्यात खाणीच्या कामाचे बूस्टर पॅक करताना स्फोट झाला आणि 9 जण गेले, त्यात 6 बाया. घरचे फाटकाबाहेर जमले, आमची माणसं द्या म्हणत त्यांनी रस्ता अडवला. सरकारनं प्रत्येक मृताच्या घरच्यांना 5 लाख जाहीर केले. 13 जून 2024 ला याच रस्त्यावरच्या धामण्यात चामुंडी एक्स्प्लोझिव्ह्ज या दुसऱ्या कंपनीत स्फोट झाला. तिथेही मेलेल्यांत बायाच जास्त. दुसऱ्याच दिवशी बातमी आली, सोलरनं 'नागास्त्र-1' चे पहिले 120 नग लष्कराला दिले. लक्ष्य सापडलं नाही तर हा घिरट्या घालणारा बॉम्ब पॅराशूटनं सुखरूप परत उतरवता येतो, याचं त्या दिवशी फार कौतुक झालं.

सरकारी कारखाने तरी सुरक्षित होते म्हणावं, तर जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याच्या जवाहरनगरला 8 कामगार गेले. त्यामुळे हा खासगी की सरकारी असा वाद नाहीच. सप्टेंबर 2025 मध्ये बाजारगावला पुन्हा स्फोट झाला. पिनाकाच्या मागण्या अजून काही वर्षं पुऱ्या करायच्या आहेत, आणि पाळीला येणारी माणसं काटोल-कोंढाळीकडच्या गावांतलीच असणार.