थायरॉईडचं ऑपरेशन आणि आवाजाची नर्व्ह: धोका करंटचा की उष्णतेचा?

थायरॉईडचं ऑपरेशन ठरलं की पेशंटचा एक प्रश्न हमखास असतो, "आवाज जाणार नाही ना?" माझी मावशी शाळेत शिकवते. तिने हे मलाच विचारलं, कारण घरात 'मशीनमधलं कळणारा' मी! मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण मशीन कसं चालतं हे समजलं की डॉक्टरांना काय विचारायचं ते कळतं.

ही नर्व्ह कुठे असते?

थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला असते. तिच्या मागून, दोन्ही बाजूंना एकेक बारीक नर्व्ह (मज्जातंतू) स्वरयंत्राकडे जाते. नाव रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. स्वरतंतू हलवायचा सिग्नल हीच नेते. एका बाजूची दुखावली तर आवाज घोगरा होतो. दोन्ही दुखावल्या तर श्वासालाच अडथळा येऊ शकतो.

करंट वापरतात, मग शॉक का बसत नाही?

१९२६ मध्ये बॉस्टनमध्ये सर्जन हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचं विजेवर चालणारं मशीन मेंदूच्या ऑपरेशनमध्ये वापरलं. आजची मशीन्स त्याच तत्त्वावर चालतात. आपल्या घरातला करंट ५० हर्ट्झचा, तर या मशीनचा साधारण ३ ते ५ लाख हर्ट्झचा. एवढ्या वेगाला नर्व्ह प्रतिसादच देऊ शकत नाही, म्हणून झटका बसत नाही.

पण उष्णता तयार होतेच. साधारण ६० अंशांच्या आसपास पेशींमधली प्रथिनं गोठतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तशी. रक्त थांबतं ते यामुळेच. आणि हीच उष्णता शेजारच्या नर्व्हपर्यंत पोचली तर इजा होते.

तीन प्रकार, तीन स्वभाव

- मोनोपोलर: करंट टोकातून शरीरात शिरतो आणि पेशंटला चिकटवलेल्या पॅडमधून परत जातो. नर्व्हजवळ हा शक्यतो टाळतात.
- बायपोलर: करंट चिमट्याच्या दोन टोकांमध्येच फिरतो. त्यामुळे उष्णता कमी पसरते.
- अल्ट्रासोनिक: यात पेशंटच्या शरीरातून करंट जात नाही. ब्लेड सेकंदाला सुमारे ५५,५०० वेळा थरथरतं आणि घर्षणाने कापतं. गोम अशी की बटण सोडल्यावरही ब्लेड काही सेकंद गरम राहतं. गेम बंद केल्यावरही फोन लगेच थंड होत नाही, तसंच हे.

मग नर्व्ह वाचवतात कशी?

सर्जन आधी नर्व्ह शोधून डोळ्यांनी पाहतात. मशीन तिच्यापासून काही मिलिमीटर लांब ठेवतात, थोडा वेळच चालवतात आणि गरम ब्लेड थंड झाल्याशिवाय तिच्याजवळ नेत नाहीत. अगदीच जवळ काम असेल तर साधी कात्री, दोरा किंवा क्लिप.

काही ठिकाणी नर्व्ह मॉनिटरही लावतात. श्वासाच्या नळीवरचे इलेक्ट्रोड स्वरतंतूंजवळ असतात. सर्जनने नर्व्हला सूक्ष्म करंट दिला की स्वरतंतूचा स्नायू हलतो आणि स्क्रीनवर सिग्नल उमटतो. याचा मोठा उपयोग म्हणजे भाजलेली नर्व्ह वरून अखंड दिसू शकते, पण सिग्नल गेला की लगेच कळतं. मात्र मॉनिटर इशारा देतो, उष्णता अडवत नाही. ते काम सर्जनच्या हाताचंच.

तुम्ही काय विचाराल?

- नर्व्हजवळ कोणतं साधन वापरणार?
- मॉनिटर आहे का?
- ऑपरेशनच्या आधी आणि नंतर स्वरतंतू तपासणार का?

आणि एक काम फोनवर करून ठेवा: ऑपरेशनआधी पेशंटचा मिनिटभर आवाज रेकॉर्ड करा. नंतर आवाज बदलल्यासारखा वाटला तर तुलना करता येईल. बऱ्याचदा असा बदल तात्पुरता असतो, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. पण थांबून वाट पाहू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. आणि श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल गाठा.