‘अर्ल ऑफ अ‍ॅबरगेव्हनी’ : एका सशस्त्र व्यापारी जहाजाची कारकीर्द

इंग्लिश ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे व्यापारी असूनही तोफा बाळगीत. पूर्वेच्या सागरी मार्गावर शत्रूचे भय असे. शिवाय कप्तानास स्वतःच्या हिशेबावर ठरावीक माल नेण्याची सवलत असल्याने त्याचे खासगी भांडवलही पणाला लागलेले असे. थेम्सकाठच्या नॉर्थफ्लीट येथे १७९६ मध्ये बांधलेले ‘अर्ल ऑफ अ‍ॅबरगेव्हनी’ हे या दुहेरी जोखमीचे बोलके उदाहरण होय. १८०१ पासून त्याचे कप्तानपद कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांचे धाकटे बंधू जॉन यांच्याकडे होते.

फेब्रुवारी १८०४ मध्ये चीनहून परतताना मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या पूर्वेस, पुलो ऑर बेटाजवळ, त्याच्या ताफ्याची फ्रेंच युद्धनौकांशी गाठ पडली. काही व्यापारी जहाजांनी आरमारी निशाणे चढविली. शत्रू फसला आणि अल्पशा चकमकीनंतर माघारी वळला.

समुद्राचा धोका मात्र अशा युक्तीने टळणारा नव्हता. ५ फेब्रुवारी १८०५ रोजी बंगाल व चीनकडे निघालेले हे जहाज पोर्टलंडनजीकच्या शँबल्स वाळूपट्टीवर आदळले आणि वेमथच्या उपसागरात बुडाले. कप्तानासह सुमारे अडीचशे माणसे मृत्युमुखी पडली. जॉन यांच्या व्यापारात भावंडांचाही पैसा गुंतला होता. परंतु विल्यम यांच्या काव्यात उमटली ती बंधुवियोगाची व्यथा. पील किल्ल्याच्या चित्रावरून सुचलेल्या, १८०७ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या विलापिकेत शांत समुद्राची जागा वादळाने घेतलेली दिसते.