कृपा, पापमुक्ती आणि राजनांदगावचा प्रवास

रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या राजनांदगाव संस्थानाकडे निघालेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हाती आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला, आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी स्वीकारलेल्या ख्रिस्ती विचारात ‘कृपा’ म्हणजे माणसाची पात्रता न पाहता देवाने दिलेले दान. मात्र कृपा आहे म्हणून पाप करण्यास मोकळीक मिळते, हा सोयीचा तर्क प्रेषित पौल ‘नव्या करारा’तील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात खोडून काढतो आणि विश्वासणाऱ्यावरील पापाची सत्ताच संपली, असे मांडतो. म्हणूनच प्रॉटेस्टंट परिभाषेत ‘नीतिमान ठरणे’, म्हणजे देवापुढे निर्दोष गणले जाणे, आणि ‘पवित्रीकरण’, म्हणजे आयुष्यभर चालणारे अंतःकरणाचे परिवर्तन, यांत भेद केला जातो. पापमुक्ती म्हणजे केवळ शिक्षेची माफी, हा अर्थ त्यामुळे अपुरा पडतो. तुकारामांच्या अभंगांवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती, आणि ती स्वाभाविकही म्हणावी लागेल, कारण स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर कृपेने तरण्याची कल्पना वारकरी कानांना परकी नव्हती.