तरटीच्या छायेतील माहेर

पंढरीस गेलेला भाविक श्रीविठ्ठलाच्या चरणी मस्तक ठेवून परततो, तेव्हा मंदिराच्या आवारातील तरटीच्या झाडापाशी त्याचे हात पुन्हा जोडले जातात. ते स्थान संत कान्होपात्रेचे.

पंधराव्या शतकातील ही कन्या मंगळवेढ्याची. माता शामा गणिका. घरी धनाची वाण नव्हती. वाण होती ती मानाची. आईचाच व्यवसाय मुलीने पुढे चालवावा, हा लोकरूढीचा निवाडा कान्होपात्रेने मानला नाही. पण ते घर सोडून तिने जावे तरी कोठे? जिचे रूप सर्वांना हवे, पण जी स्वतः कोणालाच नको, अशा जीवाला आसरा कोण देणार?

महिपतीबोवांनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली आहे. पंढरीस निघालेले वारकरी तिच्या दारावरून चालले होते. त्यांच्या मुखी देवाचे गुणवर्णन ऐकून तिने एकच विचारले, तो माझ्यासारखीचा अंगीकार करील काय? वारकऱ्यांनी निःशंकपणे होकार दिला आणि ती त्यांच्यासवे चालू लागली.

जनाबाईस नामदेवांचे घर होते, मुक्ताबाईस भावंडे होती, सोयराबाईस चोखोबांची साथ होती. कान्होपात्रेस ना गुरूचा आधार, ना संतांचे घराणे. तिच्या अभंगांत आहे ती केवळ आर्त हाक. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी जे अभय दिले, ते कोणत्याही कुळात जन्मलेल्या शरणागतासाठी आहे. कान्होपात्रेने त्या अभयावरच आपला सारा भार टाकला.

पुढे तिच्या रूपाची कीर्ती ऐकून बेदरच्या बादशहाने तिला आणण्यास शिपाई धाडले. एकवार देवदर्शन घेऊन येते, असे सांगून ती गाभाऱ्यात गेली आणि विठ्ठलाच्या पायीच तिने प्राण ठेवले. तिचा देह मंदिराच्या आवारातच दक्षिणेच्या बाजूस पुरला व तेथे तरटीचा वृक्ष उगवला, अशी परंपरा आहे. जिला गावात मानाचे घर नव्हते, तिला देवाने आपल्याच अंगणात जागा दिली.

आषाढीचा उपवास आपण निष्ठेने करतो. परंतु असा एखादा पोळलेला जीव दारी आला, तर ‘तू कोणाची?’ हेच आपण आधी विचारतो. त्या वारकऱ्यांनी ते विचारले नाही, म्हणूनच महाराष्ट्राला कान्होपात्रा लाभली.